लिनक्स मिंटवर मराठी फॉन्ट टाकलेत, पण लिबरऑफिसमध्ये मराठी अक्षर बदलतच नाही

सातपुडा_वाचनालय (चोपडा तालुका)

राम राम मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना डेस्कटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि ११ काही त्या मशीनवर चढत नाही, म्हणून भाच्याने त्याच्यावर लिनक्स मिंट २१.३ टाकून दिलं. मशीन मस्त चालतंय, पहिल्यापेक्षा लवकर सुरू होतं, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण फॉन्टची आहे.

आम्ही दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अहिराणीचा छोटा अंक काढतो. आखाजीची गाणी, म्हणी, म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेल्या गोष्टी, असं सगळं. आधी हे काम तालुक्याला एका डीटीपीवाल्याकडे द्यायचो, आता वाचनालयातच करायचं ठरलंय कारण पैसेही वाचतात आणि चुका आपल्याच हाताने दुरुस्त करता येतात. मी गूगल फॉन्ट्सवरून मुक्ता, बालू २ आणि तिरो देवनागरी मराठी असे तीन डाउनलोड केलेत. झिप उघडून एकेका फाइलवर डबल क्लिक केलं, खिडकी उघडली, वर कोपऱ्यात इन्स्टॉल होतं ते दाबलं. लिबरऑफिस रायटरच्या यादीत नावं तर येताहेत. पण स्टाइलमध्ये जाऊन मुक्ता लावला की मजकुरातले इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी आहे तसंच राहतं, अक्षराचा आकार १२ चा १४ केला तरी तेच, इंग्रजी मोठं होतं आणि मराठी जागच्या जागी.

दुसरं, मागच्या वर्षांच्या अंकांच्या फाइली त्या डीटीपीवाल्याने पेनड्राइव्हवर दिल्यात, त्या उघडल्या की सगळा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा पसारा दिसतो. त्याला कुठला फॉन्ट टाकायचा?

तिसरं म्हणजे मुखपृष्ठासाठी एक जाडजूड सजावटीचा फॉन्ट कुठल्या तरी फ्री साइटवरून घेतला, दिसायला छान आहे पण त्यात 'ऱ्हायना' लिहिलं की र चा पाय मोडलेला दिसतो आणि ह वेगळा पडतो. अहिराणीत तर हा शब्द ओळीओळीला येतो, तो सोडून कसं चालेल?

आणि या कॉम्प्युटरवर दोन लॉगिन आहेत, एक माझं आणि एक मुलांसाठी. मुलांच्या लॉगिनला हे फॉन्ट दिसत नाहीत. ते कसं करायचं? टर्मिनल, म्हणजे ती कमांड टाइप करायची खिडकी, मला फारशी येत नाही पण नीट सांगितलं तर करेन.

---

भुसावळ_टर्मिनल

ताई, तुमचे फॉन्ट व्यवस्थित बसलेत, त्याची काळजी सोडा. यादीत नाव येतंय म्हणजे काम झालं. आधी हे कुठे जातात ते सांगतो, म्हणजे मुलांच्या लॉगिनचं उत्तर त्यातच निघेल.

इन्स्टॉल बटण दाबल्यावर ती फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट-लोकल नावाच्या फोल्डरात, त्यातल्या शेअरमध्ये, त्यातल्या फॉन्ट्समध्ये जाऊन पडते. डॉटने सुरू होणारे फोल्डर लपलेले असतात, फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसायला लागतात. हे फोल्डर फक्त तुमच्या लॉगिनचं, म्हणून मुलांना दिसत नाही. पुढच्या वेळी एकेका फाइलवर डबल क्लिक करत बसायचीही गरज नाही, मुक्ताचीच सात वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, आहेत, एक्स्ट्रालाइटपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत, सात वेळा कोण दाबत बसणार. मुक्ता नावाचं फोल्डर तसंच्या तसं उचलून तिथे पेस्ट करा, आत उपफोल्डर असले तरी चालतात, ते आपोआप वाचले जातात. जुन्या लेखांमध्ये होममध्येच डॉट-फॉन्ट्स नावाचं फोल्डर करायला सांगितलेलं सापडेल, ती जुनी पद्धत, अजून चालते पण आता नवीन कामाला ती धरू नका.

सगळ्या लॉगिनसाठी हवं असेल तर जागा वेगळी. फाइल सिस्टीममध्ये यूएसआर, त्यात लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स. हे फॉन्ट्स नावाचं फोल्डर नसेल तर तयार करायचं. यूएसआरच्या आत थेट शेअर-फॉन्ट्सही आहे पण ते सिस्टीमच्या पॅकेजचं घर आहे, अपडेट तिथे हात घालतात, आपण हाताने आणलेले फॉन्ट लोकलवाल्या जागीच ठेवावेत. मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये रिकाम्या जागी राइट क्लिक केलं की ओपन अ‍ॅज रूट येतं (रूट म्हणजे सिस्टीमचे सगळे अधिकार असलेलं खातं), पासवर्ड द्या, लाल पट्टीची खिडकी उघडेल, त्यात पेस्ट करा आणि काम झालं की ती खिडकी लगेच बंद करा. तिच्यात चुकून दुसरं काही डिलीट झालं तर सिस्टीम अडचणीत येते.

इथे एक गोष्ट लोकांना छळते ती म्हणजे परवानगी. रूटने पेस्ट केलेली फाइल बाकीच्यांना वाचायची परवानगी नसेल तर फॉन्ट जागेवर असूनही कुणालाच दिसत नाही. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परमिशन्स, आणि अदर्सच्या पुढे रीड-ओन्ली आहे का बघा. टर्मिनलवाल्यांच्या भाषेत फोल्डर ७५५ आणि फाइल ६४४.

मग टर्मिनल उघडून एकच कमांड. मी इथे मराठीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा: सुडो, स्पेस, एफसी-कॅश, स्पेस, हायफन एफ, स्पेस, हायफन व्ही. एफ म्हणजे जबरदस्तीने परत वाच आणि व्ही म्हणजे काय वाचतोय ते दाखव. ओळी सरकतील, त्यात तुमच्या फोल्डरचं नाव आणि पुढे किती फॉन्ट सापडले तो आकडा येईल. हे सगळं फॉन्टकॉन्फिग नावाच्या भागाचं काम आहे, लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम फॉन्ट त्यालाच विचारतात. खरं तर बहुतेक वेळा ही कमांड न देताही प्रोग्राम बंद करून उघडला की फॉन्ट येतो, पण दिलेली बरी.

खात्री करायची तर एफसी-लिस्ट, स्पेस, कोलन, आणि कोलनला चिकटून लँग, बरोबरचं चिन्ह, एमआर. एमआर म्हणजे मराठी. तुमच्या मशीनवरच्या ज्या ज्या फॉन्टमध्ये मराठीची अक्षरं आहेत ते सगळे छापून येतील. या यादीत तुमचा सजावटीचा फॉन्ट येतो का तेही बघून ठेवा.

मराठीचं अक्षर का बदलत नाही ते, म्हणजे लिबरऑफिसच्या सीटीएल सेटिंगचं, कोणीतरी लिहीलच, जेवून येतो.

---

केळीपट्टा_रावेर

ताई एवढं कशाला करता, विंडोजच्या जुन्या हार्डडिस्कवरून मंगल फॉन्ट उचला आणि टाकून द्या, सगळ्या सरकारी फाइली त्याच्यातच असतात, प्रश्न मिटला.

---

धुळे_कोड

केळीपट्टा भाऊ, मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट आहे, विंडोजसोबत येतो, त्याचं लायसन्स लिनक्सवर उचलून न्यायची मोकळीक देत नाही. वाचनालय सार्वजनिक आहे, तिथे असं नको. आणि लोक सांगतात ना मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट टाकणारं एमएसकोअरफॉन्ट्स पॅकेज आहे म्हणून, ते आहे, पण त्यात एरियल, टाइम्स न्यू रोमन, व्हर्डाना वगैरे येतात, मंगल त्यात नाहीच. तसंही मंगलने ताईंचा प्रश्न सुटत नाही कारण अडचण फॉन्टची नाहीये, लिबरऑफिसच्या सेटिंगची आहे.

ताई, लिबरऑफिस एका मजकुराला एकच फॉन्ट लावत नाही. इंग्रजी वगैरेसाठी एक, चिनी-जपानीसाठी एक, आणि देवनागरी, उर्दू, तमिळ अशा लिप्यांसाठी तिसरा. या तिसऱ्याला ते सीटीएल म्हणतात, कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. तिन्हींचं नाव वेगळं, साइज वेगळा, बोल्डसुद्धा वेगळं. तुम्ही स्टाइलमध्ये वेस्टर्नच्या रकान्यात मुक्ता आणि १४ टाकलंत, म्हणून इंग्रजी बदललं. मराठीचा रकाना खाली होता किंवा दिसतच नसेल.

तो दिसायला आधी टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात लँग्वेज सेटिंग्ज, त्यात लँग्वेजेस. तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटच्या पुढे टिक करा आणि भाषा मराठी निवडा. लिबरऑफिस बंद करून परत उघडा. आता एफ ११ दाबा, उजवीकडे स्टाइल्सची यादी येईल, डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलवर राइट क्लिक करून एडिट, मग फॉन्टच्या टॅबमध्ये सीटीएलचा रकाना दिसेल. त्यात मुक्ता, रेग्युलर, १४. ओके. अख्खा अंक एका झटक्यात बदलेल. एकेक परिच्छेद सिलेक्ट करून वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलला तरी तो लागतो, पण ८० पानांच्या अंकात तसं करू नका, पुढे साइज बदलायची वेळ आली की रडकुंडीला याल. शीर्षकाची वेगळी स्टाइल, गाण्याच्या ओळींची वेगळी, मजकुराची वेगळी, आणि प्रत्येकीत सीटीएलचा रकाना भरलेला.

भाषा हिंदी न ठेवता मराठीच ठेवा याला अजून एक कारण आहे. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा, शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तेच आहे आणि २०२२ ला परत तेच सांगितलं. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये मूळ आकार हिंदी वळणाचा असतो आणि मराठी वळण आत वेगळं ठेवलेलं असतं, मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तरच ते बाहेर येतं. सगळ्या फॉन्टमध्ये ही सोय नसते, पण ज्यात आहे त्यात भाषा बदलल्याबरोबर डोळ्यासमोर ल बदलतो. करून बघा, मला तर पहिल्यांदा बघितलं तेव्हा फार भारी वाटलं होतं, आपल्या ल साठी कोणीतरी एवढी मेहनत घेतलीय.

तिरोबद्दल एक सांगून ठेवतो. तिरो देवनागरी हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी तीन वेगवेगळी कुटुंबं आहेत, तुम्ही मराठीचं घेतलंत ते बरोबर. पुस्तकाच्या मजकुराला तो फार सुरेख दिसतो. पण त्यात फक्त रेग्युलर आणि इटॅलिक आहे, बोल्ड नाही. तुम्ही बोल्ड दाबलं तर लिबरऑफिस अक्षराला स्वतःच फुगवतं आणि जोडाक्षरं बुजतात. शीर्षकाला मुक्ताचं बोल्ड घ्या किंवा बालू.

---

डीटीपी_अमळनेर

नमस्कार ताई. जुन्या फाइलींचं मी सांगतो, आयुष्य त्यातच गेलंय.

तुमच्या जुन्या फाइलीत मराठी मजकूर नाहीच. ऐकायला विचित्र वाटेल पण तसंच आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, यायच्या आधी आम्ही ज्या फॉन्टमध्ये काम करायचो, श्री-लिपी, शिवाजी, कृतीदेव, आयएसएमचे सुरेख वगैरे, त्यात युक्ती अशी होती की इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचा तुकडा काढून ठेवायचा. कृतीदेवमध्ये 'राम' लिहिलं तर कॉम्प्युटरच्या लेखी ती जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. जे च्या जागी र काढलेला, के च्या जागी काना, ई च्या जागी म. फॉन्ट असला की राम दिसतो, फॉन्ट काढून घेतला की जे-के-ई उघडं पडतं. तुम्हाला पसारा दिसतोय तो हाच.

आता फाइल रायटरमध्ये उघडा, मजकुरात कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या खणात कुठलं नाव आहे ते बघा. जो फॉन्ट मशीनवर नाही त्याचं नाव लिबरऑफिस तिरक्या अक्षरात दाखवतं. ते नाव कागदावर लिहून घ्या, पुढचं सगळं त्या नावावर आहे. एकाच फाइलीत शीर्षकाला एक आणि मजकुराला दुसरा असंही असतं, तेव्हा दोन-चार ठिकाणी कर्सर ठेवून बघा.

तुमच्या डीटीपीवाल्याकडे त्या फॉन्टचं लायसन्स असेल, तुमच्याकडे नसेल, म्हणून तो फॉन्ट मागून टाकण्यापेक्षा मजकूर युनिकोडमध्ये आणलेला बरा. फॉन्ट टाकला तरी फक्त दिसेल. शोधायला गेलात तर 'आखाजी' सापडणार नाही, मोबाइलवर पाठवलं तर परत पसारा, नेटवर टाकलं तर कुणाला वाचता येणार नाही. अहिराणीचं जुनं साहित्य असंच खूप ठिकाणी पेनड्राइव्हमध्ये अडकून पडलंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हाताऱ्या बायांनी सांगितलेली गाणी तुम्ही उतरवून घेतलीत, त्यातल्या काही बाया आता नसतीलही. तो मजकूर शोधता येईल असा झालाच पाहिजे.

रूपांतराचे कन्व्हर्टर नेटवर मिळतात पण प्रत्येक फॉन्टचं कोष्टक वेगळं, कृतीदेवच्या कन्व्हर्टरला श्री-लिपीचा मजकूर दिला तर दुसराच पसारा निघतो, म्हणून आधी नाव शोधायला सांगितलं. आणि कन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी नंतर ओळ न ओळ वाचायची. मुख्य घोळ पहिल्या वेलांटीत होतो. जुन्या पद्धतीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी टाइप करायचो आणि क नंतर, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. कन्व्हर्टरला ती उचलून मागे न्यावी लागते, आणि पुढे जोडाक्षर असलं की तो गडबडतो, 'स्थिती'सारखा शब्द मुद्दाम तपासा. रफारही तसाच, तो उलट अक्षराच्या आधी न्यावा लागतो. आणि तुमचा ऱ्ह, तो तर हमखास बिघडतो. एका अंकाचं पहिलं एक पान करून बघा, चुका कुठल्या प्रकारच्या होताहेत ते ओळखा, मग त्या रायटरच्या फाइंड अँड रिप्लेसने एकदम दुरुस्त करता येतात.

मूळ फाइलीची एक प्रत मात्र हात न लावता वेगळी ठेवा. आणि वाचनालयाच्या सभासदांची यादी, पत्ते, फोन नंबर असं काही त्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ते ऑनलाइन कन्व्हर्टरच्या खिडकीत चिकटवू नका, तेवढं हाताने टाइप करा.

---

भुसावळ_टर्मिनल

आलो. अमळनेरच्या भाऊंनी लाख मोलाचं सांगितलं.

ऱ्ह चं बघू. ताई, तुम्ही टाइप करताना नुक्त्याचा ऱ, मग हलंत, मग ह असं करत असाल तर तुमचं टायपिंग शंभर टक्के बरोबर आहे. युनिकोडमध्ये त्याच तीन अक्षरांनी ऱ्ह बनतो. पण त्या तिघांचा मिळून एक आकार दाखवायचं काम फॉन्टचं आहे, त्यात डोळ्याच्या पापणीसारखा तो अर्धा र काढलेला असायला हवा आणि तो कधी वापरायचा याचा नियमही लिहिलेला हवा. हिंदीपुरते बनवलेले सजावटीचे फॉन्ट हे सोडून देतात कारण हिंदीला ऱ्ह आणि ऱ्य लागतच नाहीत. आपल्याला लागतात. अहिराणीला तर मराठीपेक्षा जास्त लागतात, करी ऱ्हायना, लिखी ऱ्हायनू, जायी ऱ्हायनी, वाक्याला एक तरी.

असा फॉन्ट असला तर लिनक्समध्ये कुठलंही सेटिंग करून उपयोग नाही, विंडोजवरही तो तसाच मोडणार. एक प्रयत्न करून बघता येतो, नुक्त्याच्या ऱ ऐवजी साधा र, हलंत, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर, मग ह. काही फॉन्टना ही पद्धत कळते आणि पहिली कळत नाही. दोन्हींनी नाही झालं तर तो फॉन्ट सोडून द्या.

म्हणून नवा फॉन्ट घेतला की मी आधी एक ओळ टाकून बघतो, तुम्हीही फाइल करून ठेवा: ऱ्हायना, तऱ्हा, सुऱ्या, सूर्या, दऱ्याखोऱ्या, ट्रक, श्रावण, ज्ञान, वाङ्मय, अ‍ॅप, ऑफिस, डॉक्टर. सुऱ्या आणि सूर्या यांतला र वेगळा दिसला पाहिजे, आणि अ‍ॅप मधला चंद्र अ च्या डोक्यावर बसला पाहिजे, बाजूला ठिपक्यांचं वर्तुळ येता कामा नये. ही ओळ नीट दिसली की तो फॉन्ट अंकाला घ्यायला हरकत नाही.

मुखपृष्ठाला जाडजूड हवा असेल तर बालू २ चं एक्स्ट्राबोल्ड लावून बघा, मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे, मुक्ताही त्यांचाच.

---

सातपुडा_वाचनालय

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोण लिहितं हल्ली. सीटीएलची टिक करून मराठी निवडलं आणि स्टाइलमध्ये मुक्ता लावला, सगळा अंक बदलला! ल पण बदलला, वाचनालयात बसलेल्या मुलांना बोलावून दाखवलं. मुलांच्या लॉगिनलाही फॉन्ट आलेत, एका फोल्डरला परवानगी नव्हती ती दिली.

जुन्या फाइलीत तिरक्या अक्षरात श्री-लिपीचं नाव दिसतंय, नावापुढे आकडे पण आहेत, ते लिहून घेतलंय. पहिलं एक पान करून बघते.

आता बालूचं विचारायचंय. मुखपृष्ठावर एक्स्ट्राबोल्ड लावलं, स्क्रीनवर जाड दिसतंय पण पीडीएफ काढली की बारीक येतंय. जळगावला प्रिंटिंगवाल्याला पीडीएफच द्यायचीय. आणि त्याने विचारलं की फॉन्ट पण पाठवा का, तर पाठवायचे का?

---

धुळे_कोड

हे बालूच्या फाइलीमुळे होतंय ताई. गूगलच्या झिपमध्ये दोन प्रकार असतात. बाहेरच एक फाइल असते जिच्या नावात व्हेरिएबल फॉन्ट असं लिहिलेलं असतं, त्या एकाच फाइलीत बारीकपासून जाडपर्यंत सगळी वजनं असतात. आणि आत स्टॅटिक नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक वजनाची वेगळी फाइल. मिंट २१ मध्ये लिबरऑफिस ७.३ येतं आणि त्या आवृत्तीला व्हेरिएबल फॉन्ट पीडीएफमध्ये नीट भरता येत नाहीत, फाइलीतलं मूळ बारीक वजनच तेवढं पीडीएफमध्ये उतरतं. ७.५ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२३ च्या आवृत्तीपासून ते सुधारलंय. लिबरऑफिस नवीन करायच्या भानगडीत आत्ता अंकाच्या तोंडावर पडू नका, फॉन्टच्या फोल्डरातून ती व्हेरिएबल फाइल काढून टाका, स्टॅटिकमधल्या पाच फाइली टाका, एफसी-कॅश परत चालवा, रायटर पूर्ण बंद करून उघडा. दोन्ही एकत्र ठेवू नका, एकाच नावाचे दोन फॉन्ट झाले की कधी हा उचलला जातो कधी तो. मुक्ताला ही अडचण नाही, त्याच्या सुट्ट्याच फाइली येतात.

प्रिंटिंगवाल्याला फॉन्ट पाठवायची गरज नाही. पीडीएफमध्ये वापरलेली अक्षरं आतच भरलेली असतात. खात्री करायची तर पीडीएफ उघडून फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्सचा टॅब बघा, प्रत्येक नावाखाली एम्बेडेड लिहिलेलं हवं. तो मूळ फाइल मागत असेल तर मात्र वेगळं, त्याच्याकडे विंडोज आणि वर्ड असेल, मुक्ता नसेल, त्याच्या मशीनवर दुसराच फॉन्ट लागेल आणि ८० पानांची ८६ होतील. तसं असेल तर फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्टमध्ये एम्बेड फॉन्ट्सची टिक आहे ती करून सेव्ह करा. मुक्ता, बालू, तिरो तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सचे आहेत, पाठवायला बंदी नाही, त्यामुळे झिप दिली तरी चालतं. पण मी तर म्हणेन पीडीएफच द्या आणि एक पान आधी छापून मागा.

---

केळीपट्टा_रावेर

धुळे भाऊ मंगलचं पटलं. पण मग पंचायतीतून किंवा शाळेतून मंगलमधली वर्डची फाइल आली तर लिनक्सवर ती कशी उघडायची, आमच्याकडे रोज येतात.

---

भुसावळ_टर्मिनल

उघडते भाऊ, मंगल युनिकोड आहे, त्यामुळे मजकूर शाबूत असतो, फक्त दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतो. तुमच्या मशीनवर मंगलच्या जागी कोण येतंय ते बघायचं तर टर्मिनलमध्ये एफसी-मॅच, स्पेस, मंगल असं इंग्रजीत लिहा, नाव येईल. आलेलं पसंत नसेल तर लिबरऑफिसच्या ऑप्शन्समध्ये लिबरऑफिसच्या खाली फॉन्ट्स आहे, तिथे रिप्लेसमेंट टेबल चालू करून मंगलच्या जागी नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी लिहून ऑलवेजची टिक करा. मूळ फाइलीतलं मंगल हे नाव तसंच राहतं, परत पाठवली की त्यांच्याकडे मंगलमध्येच उघडते. ओळी थोड्या पुढेमागे होतात, तक्ते असतील तर एकदा नजर टाका.

नोटो नसेल तर मिंटच्या एपीटी या पॅकेज टाकणाऱ्या कमांडने, सुडो एपीटी इन्स्टॉल फॉन्ट्स-नोटो-कोअर, लोहितसाठी फॉन्ट्स-लोहित-देवा. एपीटीने टाकलेले फॉन्ट सगळ्या लॉगिनला आपोआप दिसतात, परवानगीचा प्रश्न येत नाही. अजून मराठी वळणाचे हवे असतील तर राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू मोफत आहेत, आयआयटी मुंबईचा शोभिकाही. शोभिकात संस्कृतची अवघड जोडाक्षरंसुद्धा सुटत नाहीत.

---

डीटीपी_अमळनेर

ताई, श्री-लिपीच्या नावापुढचे आकडे म्हणालात ते महत्त्वाचे आहेत, ते पुसू नका. श्री-लिपीत फॉन्टचे गट वेगवेगळे होते आणि गटाप्रमाणे कोष्टक बदलतं. पूर्ण नाव आकड्यांसकट इथे टाका. आणि पहिल्या पानाचा रूपांतर झालेला मजकूर निघाला की त्यातला गाण्याचा एखादा भाग पण टाका, मी माझ्याकडच्या विंडोजवर मूळ फॉन्टमध्ये लावून ओळीला ओळ जुळवून देतो. अंक किती आहेत जुने?

---

सातपुडा_वाचनालय

स्टॅटिक फाइली टाकल्या, पीडीएफमध्ये आता जाड येतंय, प्रॉपर्टीजमध्ये सगळ्यांखाली एम्बेडेड पण लिहिलंय. मुखपृष्ठावर 'काय करी ऱ्हायना' एकदम स्वच्छ उमटलं.

दादा, जुने अंक सगळे मिळून एक पेटीभर आहेत, पण फाइली फक्त अलीकडच्या काहींच्याच आहेत, बाकी छापील. फॉन्टचं पूर्ण नाव उद्या वाचनालय उघडलं की आकड्यांसकट टाकते, आणि पहिलं पान जात्यावरच्या गाण्यांचं घेते, त्यात ऱ्ह पण भरपूर आहेत आणि वेलांट्या पण.

---

डीटीपी_अमळनेर

तेच घ्या. छापील आहेत त्यांचे मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढून ठेवायला सुरुवात करा, टायपिंगचं नंतर बघू, मी अर्धे वाटून घेतो.